धाकटीच्या मापाची हातसायकल

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं तर आई तुझ्या शेजारी बसून प्रत्येक वाक्याला हुंकार भरते, म्हणून कागद घेतला. काल बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं, की तुझ्या तीनचाकी हातसायकलची मोटर बंद पडली आहे आणि बाबा तुला चढावरून ढकलत चष्म्याच्या दुकानात कामाला नेतात. तू मात्र मला ‘सगळं झकास’ म्हणून सांगतेस. झकास म्हणजे बाबांची पाठ का?

रागावू नकोस. मी एक मार्ग काढला आहे. आपल्या वाचनालयामागच्या शेडमध्ये दर रविवारी लोक जमतात आणि एकमेकांच्या मोडक्या वस्तू दुरुस्त करतात. एक निवृत्त लिफ्ट मेकॅनिक आहेत, एक वेल्डर आहे, वायरिंग जाणणारी कॉलेजातली मुलगी आहे. मी त्यांना सविस्तर लिहिलं आणि त्यांनी लगेच होकार कळवला. माणसं चांगली असतात गं, फक्त विचारावं लागतं. शनिवारी मी येतेच आहे.

तुझा लोभ आहेच, तो सवडीनं चार ओळींत कळव.

तुझी,
धाकटी


दि. ९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं, पदवीधरबाई. घरात पहिली पदवी आली ती भाषणासकट आली, असं बाबा म्हणतात. त्यांना अजून तुझा अभिमानच वाटतो, काळजी नसावी.

आता खरं सांगते. फक्त मोटरचं असतं तर निभावलं असतं. माझा उजवा खांदा वर उचलत नाही. पेडल डाव्याच हातानं फिरवते, आणि चढावर त्या एका हाताचा निभाव लागत नाही. मंगळवारी ढकलताना बाबांचा पाय घसरला. सायकल मला घेऊन मागे घरंगळली आणि भिंतीला टेकून थांबली. मला लागलं नाही. पण बाबा रस्त्यावर पालथे पडले होते, आणि मला उतरून त्यांच्यापर्यंत जाता येत नव्हतं. भाजीवाल्यानं त्यांना उठवेपर्यंत मी नुसती बघत होते. ते बघणं डोळ्यांपुढून जात नाही.

मालकांनी सांगितलं आहे, की या महिनाअखेरपर्यंत रोज वेळेवर आलीस तर ठीक, नाहीतर काचा बसवायला दुसरी मुलगी ठेवीन. त्यांचंही चुकत नाही. पण ते काम गेलं तर मी दिवसभर या खोलीत काय करू, ते मला कुणी सांगत नाही.

तेव्हा तुझ्या मंडळाकडे ने सायकल. एकच अट. चार लोकांत मला बसवून माझी मापं घ्यायची नाहीत. ते मला सोसायचं नाही.

आईचा खोकला बरा आहे. रागावत जा, पण जेवत जा.

तुझी,
ताई


दि. २० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा बसमध्ये बसल्यापासून हे पत्र मनात लिहिते आहे. तू फोनवर येत नाहीस. आई म्हणते तू भिंतीकडे तोंड करून पडून असतेस आणि दुकानातही गेली नाहीस.

चूक माझी आहे. वायरिंगवाल्या मुलीनं पहिल्याच रविवारी विचारलं होतं, की ताई स्वतः येणार नाहीत का. तुझी अट पाळायची म्हणून, पण तुला न विचारताच, मी ऐटीत सांगितलं, काही गरज नाही, माझीच मापं घ्या. आईनं आपल्या दोघींचे झगे कायम एकाच मापावर बेतले, तेच मी खरं धरून चालले. मी सीटवर बसले, हात पुढे केले, त्यांनी टेपनं मोजलं आणि पेडल माझ्या खांद्याच्या उंचीला पक्कं वेल्ड केलं. तुझा खांदा उठत नाही हे मला तुझ्या पत्रातून माहीत होतं. तरी मी माझे दोन्ही धडधाकट हात पुढे केले.

मग या रविवारी तुला त्यात बसवलं. नवा रंग, नवी बॅटरी, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि पेडल तुझ्या हनुवटीसमोर. तुझा हात अर्ध्यावर थांबला. तरी तू हसून सगळ्यांचे आभार मानलेस. ते हसू मला बघवलं नाही. तू मला तिथंच झापायला हवं होतंस.

आता काय करू? महिना संपत आला. मी पुन्हा त्या लोकांना लिहायला बसते आणि लेखणी अडते. तुझ्या वतीनं आणखी एक अक्षर लिहायची मला भीती वाटते. शिव्या दे, पण उत्तर दे.

लोभ उरला असेल तर तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


दि. ३१ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

शिव्या देणार होते. पण तुझं पत्र आईनं वाचलं आणि झग्यांवर बोट ठेवल्याबद्दल ती तुझ्यावर इतकी उखडली, की माझ्यासाठी काही शिल्लकच राहिलं नाही.

गेल्या रविवारी मी त्या शेडमध्ये गेले. बाबांनी ढकलत नेलं, आणि मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. सगळे ओशाळून उभे होते. मीही घाबरले होते. मग शर्टाची बाही वर केली आणि हात कुठवर उठतो ते दाखवलं. मोजा म्हटलं. वेल्डरनं आपलंच काम कापून काढलं. पेडल मांडीच्या वर आलं, मोटरचं बटण डाव्या मुठीशी आलं. शेवटी मेकॅनिककाकांनी विचारलं, आणखी काय हवं. इतकी वर्षं सायकल चालवते, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, पुढचं चाक, मोटर आणि पेडल मिळून एका खटक्यानं सुटं व्हायला हवं, म्हणजे मागे उरलेल्या चाकांच्या खुर्चीत मला कुठल्याही दारातून आत जाता येईल, कुणाला उचलायला न लावता. त्यांना दोन संध्याकाळी जास्त लागल्या.

आज चढ चढले. बॅटरी मध्येच कुरकुरते, खांदा अजून ठणकतो आहे. दुकानात पोचले तर माझ्या जागी एक मुलगी बसली होती. घाबरून उठायला लागली बिचारी. मालक नजर चुकवून म्हणाले, की इतके दिवस वाट पाहिली, आता जागा भरली.

मी खटका दाबला, पुढचं चाक दाराबाहेर ठेवलं आणि टेबलाशी गेले. म्हटलं, “ती खुर्ची हिलाच राहू द्या. माझी मी घेऊन आले आहे.”

मालक बराच वेळ काचा पुसत राहिले. मग एक चष्मा माझ्यापुढे सरकवला. उद्या ये, असं काही ते म्हणाले नाहीत. मी मात्र जाणार आहे.

पत्र लिहीत जा, आणि माझ्याबद्दल लिहायचं झालं तर आधी मला विचारत जा. बाकी लोभ तसूभरही हललेला नाही.

तुझी,
ताई