डाव्या खांद्याचे वेगळे माप

मी, खाली सही करणारी, वय बाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आहे ते माझ्याच मनाचे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर गच्चीसह माझ्या मुलीला मिळावे. आधी ते मुलाच्या नावे करून, "बहिणीस त्याने आजन्म सांभाळावे" असे मी लिहिले होते. मुलगी चाळिशीची आहे, पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि या घराचा खर्च कित्येक वर्षे तीच चालवते. लहानपणापासून तिची पाठ एका बाजूला कललेली आहे, डावा खांदा खाली. तेवढ्यावरून मी तिला दुसऱ्याच्या हवाली करून मोकळी झाले होते.

माझे डोळे उघडले गेल्या हिवाळ्यात. ती बदामी रंगाचे कॉर्डरॉय घेऊन आली. "आई, याचा शर्ट शिव. मापात."

"अगं, या कापडाला उभ्या रेघा. जरा तिरपं असलं की लगेच दिसतं. त्यापेक्षा गडद, सैलसर काहीतरी..."

"सैल खूप झालं. माप घे."

टेप हातात घेतली आणि थबकले. तिच्या दोन खांद्यांची मापे मी कधी वेगवेगळी घेतलीच नव्हती. परक्यांच्या अंगावर सुरकुती खपवून घेतली नाही. पोटच्या पोरीला मात्र अंदाजाने झाकत आले.

दोनदा उसवले. तिसऱ्यांदा डावी बाजू निराळी बेतली, तिकडचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, खाली घेतला. रेघा सरळ उतरल्या. तिने आरशासमोर दोन्ही हात वर करून पाहिले. "कुठेच ओढत नाही गं," म्हणाली आणि हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी तिला जुने मृत्युपत्र वाचून दाखवले. ती म्हणाली, "दादा मला सांभाळणार? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत." मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "मला तेव्हाच पटलं नव्हतं. पण तू ऐकतेस कुठे?"

२. बँकेतील ठेव दोघांना निम्मी-निम्मी. शिवणयंत्र नणंदेला, ती त्याला वेळच्या वेळी तेल घालील.

३. मोठ्या जाऊबाईंना काहीही देऊ नये, असे लिहिणार होते. "पोरीला सैलच घालत जा, झाकलं जातं," हे शब्द त्यांचे. पण त्या एकदाच बोलल्या. इतकी वर्षे ऐकत राहिले मी. त्यांना माझी लोकरीची शाल द्यावी.

४. मुलीसाठी शिवलेले सगळे ढगळ कपडे ट्रंकेत आहेत. ते कोणाला देऊ नयेत, फरशी पुसायला फाडावेत. ती म्हणते, "जाऊ दे ना आई, झालं ते झालं." तिचे झाले असेल. माझे अजून होत नाही.

५. मी गेल्यावर लोक येतील आणि तिच्यासमोरच मुलाला विचारतील, "आता हिचं कसं व्हायचं?" त्याने काही बोलू नये. उत्तर तिला देऊ द्यावे.

लिहून देणार: शिवणवाल्या बाई (सही)
साक्षीदार: १. आमचे डॉक्टर (सही) २. समोरच्या इस्त्रीवाल्या काकू (सही)
स्थळ: राहते घर, शिवणाची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी