माझा गोड आवाज

३ मार्च
मी बनवलेलं बोलणारं यंत्र आजपासून चालू! कस्टमर केअरचे सगळे फोन आता तेच घेणार. आवाज माझा, डोकंही माझंच. समोरचा कितीही भडकला तरी 'अगदी बरोबर आहे तुमचं' म्हणत राहायचं. माणसाकडे फोन द्यायचा नाही म्हणजे नाही. तो गप्प झाला की तक्रार मिटली. साहेबांनी पाठ थोपटली.

६ मार्च
तक्रारी जवळजवळ बंद. लोक खूश आहेत, दुसरं काय!
ऐन मीटिंगमध्ये आईचा फोन. गुडघा, गळका नळ, परत गुडघा. खेकसलो. मग वाईट वाटलं. उद्यापासून तिच्याशी शांतपणे बोलायचं. नक्की.

७ मार्च
पुन्हा खेकसलो. पण चूक तिचीच, वेळकाळ बघत नाही. शेवटी तिचे फोन यंत्राकडे वळवून टाकले. आता तिला मुलगा रोज भेटेल आणि गोड भेटेल. मुलाने आणखी काय करायचं असतं?

१५ मार्च
ताई म्हणाली, हल्ली आई तासतासभर तुझ्याशी बोलते, बराच सुधारलास की रे! मी म्हटलं, वेळ काढावा लागतो. आईला पत्ताही नाही. भोळी आहे बिचारी.

२१ मार्च
संध्याकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकलो. दिवा गेला, मोबाइलला रेंज नाही. धोक्याचं बटण दाबलं, तर पलीकडे मीच! लिफ्टवाल्यांनीही आमचंच यंत्र घेतलंय. म्हटलं, जीव गुदमरतोय, माणूस दे. म्हणाला, अगदी बरोबर आहे तुमचं. ओरडलो, गाढवा, मीच बनवलंय तुला! म्हणाला, तुमच्या भावना मी समजू शकतो. शिव्या घातल्या, हातापाया पडलो, शेवटी रडलो. घसा बसून गप्प झालो, तसे त्याने माझे आभार मानले आणि फोन ठेवला.
सफाईवाल्या मावशींना दारावरच्या लाथा ऐकू आल्या म्हणून वाचलो.

२२ मार्च
आईला त्या राक्षसाच्या तावडीतून आजच सोडवायचं ठरवलं. ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पाच मिनिटं झाली तरी खेकसला नाही, म्हणजे हा आपला नव्हे, असं म्हणाली होती ती. आणि आईचा निरोप आहे, तो फोन बंद करू नकोस.
काहीतरीच! मी स्वतः फोन लावला. म्हटलं, गुडघ्यापासूनच सुरुवात करू. आईने उचलला. म्हणाली, थांब रे जरा, दुसऱ्या लाइनवर तुझ्याशीच बोलतेय, झालं की लावते.
तासभर झाला. फोन नाही. पण आज मी तिच्यावर एकदाही खेकसलो नाही, हे इथे लिहून ठेवतो.