आधीची नोंद

वटार, १२ नोव्हेंबर

प्रिय जोनाथन,

या महिन्यात पाचूबंदरला तुझ्या घरासमोरून तीनदा गेले, पण आत यायचा धीर झाला नाही. दोन ओळींहून लांब काही वाचायचा तुला पहिल्यापासून कंटाळा, तेव्हा हे केनी तुला वाचून दाखवेल. आपल्याबद्दल ठाऊक असलेला तुझा हा एकच चुलतभाऊ, आणि चार वर्षं त्याने ते पोटात ठेवलं.

माझ्या प्रयोगशाळेची तुला भारी गंमत वाटायची. डॉक्टरीणबाई उंदरांना पोहायला शिकवतात, म्हणून चिडवायचास. तसं ते खरंच आहे. मोठ्या हौदात पाण्याखाली एक चौथरा दडवलेला असतो, उंदीर तो शोधायला शिकतो आणि कुणाला किती वेळ लागला ते मी वहीत लिहिते. मग त्याला भूल द्यायची, नळीतून ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून डोक्यावर सोडायचं, आणि काही दिवसांनी पुन्हा हौदात. मेंदूला मार बसल्यावर काय हरवतं आणि कशाने परत येतं, ते यातून हळूहळू कळतं. मार्चमध्ये तुझ्या मामांच्या बोटीवर जाळं ओढताना लोखंडी कप्पी सुटून तुझ्या डोक्यात बसली. तेव्हापासून ती नळी धरली की माझा हात थांबतो. तुझ्या कप्पीचं वजन कुणी केलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये केनीच्या ओळखीची म्हणून मी तुमच्याबरोबर दवाखान्यात आले होते. तू माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवलीस, पाहुण्यांना सरकवतात तशी, आणि खिडकीबाहेर बघत बसलास. डॉक्टरांनी विचारलं, हा आधी कसा होता. तुझी आई लगेच म्हणाली, "आमचा जोनाथन पयल्यापासून असाच. कोनाशी जास्त बोलत नाय." ती खोटं बोलली नाही. घरी तू गप्पच असायचास. आई आणि मामांच्या आवाजात माझी पाळीच येत नाही, घरातलं सगळं बोलणं तुझ्यासाठी साठवून आणतो, असं तूच मला सांगायचास. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, मूळ स्वभाव शांत. आधीची नोंद ठेवणं हेच जिचं काम, ती मी तिथेच बसले होते आणि ओढणीचं टोक पिळत होते. परवा केनीने कळवलं की चालणं सुधारलं, हात सुधारला, बोलणं पहिल्यासारखंच आहे, म्हणून गुरुवारी तुझे उपचार बंद करणार आहेत.

पहिल्यासारखं कसलं! किल्ल्यात समुद्राकडच्या दरवाजाशी बसलो की तुझी बडबड तासतासभर थांबायची नाही. परतणाऱ्या प्रत्येक बोटीला तुझं टोपणनाव. चर्चमधल्या बेसूर गाणाऱ्यांच्या नकला. अर्नाळ्याचे बोंबील चांगले म्हटलं की माझ्याशी भांडण. आणि विनोद संपायच्या आधी स्वतःच हसून लोळायचास. मामांचा कोंबडा चुकून बोटीवर चढला आणि भर समुद्रात आरवला, ती गोष्ट तू निदान पाचदा सुरू केलीस आणि एकदाही शेवटाला नेली नाहीस. मला इतका राग यायचा. आता त्या अर्ध्या गोष्टीसाठी जीव तुटतो, जोनाथन. वाडीत केळीची पानं जरा सळसळली तरी तूच काहीतरी बडबडतोयस असं वाटून मी वळून बघते.

मागच्या आठवड्यात चौदा नंबरच्या उंदराचं आधीचं पान वहीत सापडेना. लिहायचं मीच विसरले होते. मार बसल्यानंतर तो पाण्यात सावकाश गोल गोल फिरत होता. आधी तो सरळ चौथऱ्यावर जायचा हे मी डोळ्यांनी पाहिलेलं, पण आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्याला प्रयोगातून वगळलं. आधी काय होतं तेच लिहिलेलं नाही, तर काय हरवलं ते कशावरून ठरवणार, एवढंच त्या म्हणाल्या. मी बाहेर जाऊन रडले. चौदा नंबरसाठी नव्हे.

आज सकाळी मी आमच्या अप्पांना सगळं सांगून टाकलं. ते केळीची पानं कापत होते. कोयता तिथेच ठेवून घरात गेले. तुझ्या आईला गुरुवारी कळेल, कारण या पत्राची एक प्रत मी तिच्यादेखत डॉक्टरांच्या हातात देणार आहे. ही तुझी आधीची नोंद आहे आणि माझ्याशिवाय ती कुणाजवळच नाही. तू मला ओळखलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. नाही चालणार. पण ते नंतर बघू, आधी तुझे उपचार थांबता कामा नयेत. डॉक्टरांसाठी एक ओळ स्पष्ट लिहिते: हा मुलगा बोलायचा, फार बोलायचा, आणि कोंबड्याची गोष्ट सांगताना शेवट यायच्या आधीच ज्या दिवशी तो हसत सुटेल, त्या दिवशीच तो बरा झाला असं लिहावं.

तुझीच, शेवट ऐकायची राहिलेली,
कृतिका