आमच्यात जाळत्यात

खडकेवाडी, ता. शेवगाव
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. बाबूस,
ताईचा आशीर्वाद.

आम्ही दोघी इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, ती पाळली असं समज. सुनंदा कशी आहे, लेकीचं कॉलेज कसं चाललंय, नगरला थंडी पडली का, हेही विचारलं असं समज. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तू फोन घाईघाईत ठेवतोस, आणि आपला फोन आईच्या कानांमुळे कायम स्पीकरवर असतो. मला जे सांगायचंय ते घाईत मावत नाही आणि तिच्यादेखत बोलवत नाही.

आधी गावची खबर. आक्काबाई गेली. आपल्या शेजारची, तुला लहानपणी भाकरी आणि शिव्या सारख्याच मापाने घालणारी. दसऱ्यानंतर अंथरुणाला लागली ती उठलीच नाही. नातवांनी चौकात फ्लेक्स लावला. वर पुढाऱ्यांचे मोठे फोटो, खाली गॉगल घातलेली ‘शोकाकुल’ पोरं, आणि एका कोपऱ्यात पासपोर्टएवढी आक्काबाई. जिवंतपणी तिला घरात कोपरासुद्धा मिळत नव्हता, तेव्हा ही प्रगतीच म्हणायची. निम्मी आळी ऊसतोडीला गेलेली, खणायला हात नाहीत, म्हणून खड्डा जेसीबीने काढला. त्या बाबाला ‘बास’ म्हणेपर्यंत त्याने तीन आक्काबाया मावतील एवढा खोदून ठेवला. धाकटी सून म्हणाली, “असू द्या, सासूबाईंना ऐसपैस आवडायचं.”

फादरांनी मिस्सेची प्रार्थना म्हटल्यावर दोन शब्द बोलायला नेहमीप्रमाणे मला उभं केलं. शाळेत मराठी शिकवते म्हणून गावातल्या मयताचं खातं माझ्याकडे. मी म्हटलं, आक्काबाई स्पष्टवक्त्या होत्या. तिन्ही सुना एकदम खोकल्या. पण खरं सांगू का, बोलता बोलता मी मनात माणसं मोजायला लागले. जुन्या फादरांच्या सायकलीमागे पळत जाऊन ज्यांनी प्रार्थना पाठ केल्या, ज्यांना वाचता येत नव्हतं पण अख्खी मिस्सा तोंडपाठ होती, ती माणसं आता हाताच्या बोटांवर आली. आणि त्या सगळ्यांना पोहोचवून आलेली आपली आई अजून ओट्यावर बसून बाजरी निवडते.

तुला आठवत असेल, आळीतल्या कुठल्याही बाईचा जीव गेला की आधी निरोप आईला यायचा, मग फादरांना. न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, पांढरं नेसवायचं, बोटांत जपमाळ गुंफायची. आईच्या हाताशिवाय आपल्यातली एकही बाई मातीत गेली नाही. आक्काबाईच्या वेळी तिला उभं राहवेना, तर खुर्चीवर बसून सुनांना ओरडत होती, “अगं हळू, तिला गुदगुल्या व्हायच्या.” पांढरी साडी शोधली तर घरात नव्हती. फ्लेक्स होता, साडी नव्हती. तेव्हा आईने मला घरी पाठवलं, पत्र्याच्या पेटीतली साडी आणायला.

ती कुठली, ते तुला माहीत आहे. आईला मागे ठेवून दादा गेले त्याच वर्षी हरेगावच्या जत्रेतून आणून ठेवलेली. डांबराच्या गोळ्या घालून, वर्षातून एकदा ऊन दाखवून जपलेली. तिच्या स्वतःच्या मयताची साडी. मंडळींनी आईची केवढी वाहवा केली. मीही केली. घरी आल्यावर म्हटलं, “आई, आता तुझ्यासाठी दुसरी आणू.” तर म्हणाली, “मला कशाला? जळायला कंची बी चालती.”

मी ऐकलं नाही असं दाखवून भाकरी थापत बसले. तू मला भित्री म्हणत नाहीस, पण त्या दिवशी होते.

हे कुठून निघालं ते आता लिहायलाच हवं. श्रावणात तुझ्या जातीच्या दाखल्याच्या चौकशीचे साहेब येऊन गेले. राखीव जागेवरची तुझी नोकरी त्याच कागदावर उभी. त्याच्या आदल्या दिवशी तू फोन करून ‘भिंतीवरचे फोटो काढून ठेव, आईला आजारी आहे म्हणून आत निजव,’ असं सांगितलंस. मी काही बोलले नाही, कारण तुझंही चुकत नव्हतं. मिशनच्या शाळेत तुझं नाव इग्नास, सरकारी शाळेच्या दाखल्यावर राधाकृष्ण, त्यात तुझा काय दोष? लांबून पाणी वाढताना या गावाने आपल्या आजीला कधी विचारलं नाही की बाई, तुझा बाप्तिस्मा झालाय का. तेव्हा आपली जात सगळ्यांना पाठ होती. कागदावर मात्र देव बदलला की जात पुसली. हा विनोद मी रचलेला नाही, नाहीतर जरा बरा रचला असता.

फोटो काढायला गेले तर येशूच्या पवित्र हृदयाच्या फोटोमागे भिंतीवर पांढराशुभ्र चौकोन निघाला. तो फोटोपेक्षा जास्त बोलत होता. म्हणून फोटो परत टांगला आणि त्यावर साखर कारखान्याचं कॅलेंडर लटकवलं. कॅलेंडर आखूड पडलं. चेअरमनसाहेबांच्या खालून येशूची पावलं दिसत राहिली.

साहेब भला माणूस होता. चपला बाहेर काढल्या. मी चहा टाकायला आत गेले आणि आई, जिला मी निजवलं होतं, उठून ओट्यावर त्याच्यासमोर जाऊन बसली. त्याने लग्नाच्या चालीरीती विचारल्या, कुलदैवत विचारलं. ती ‘व्हय’, ‘न्हाई’ करत होती. मग त्याने विचारलं, “आजी, तुमच्यात मयत पुरतात का जाळतात?”

बाबू, मी आतून तिची पाठ बघत होते. ज्या बाईने उभा जन्म लोकांना मातीसाठी तयार केलं, तिला तो हे विचारत होता.

“आमच्यात जाळत्यात,” आई म्हणाली.

“तुमच्या मालकांना?”

“त्यान्ला बी जाळलं, सायेब.”

दादा तिथून हाकेच्या अंतरावर सिमेंटच्या क्रुसाखाली निजलेत. साहेबांनी लिहून घेतलं, चहा प्याले, आईच्या पाया पडून गेले. आईने बाजरीचं सूप पुढे ओढलं आणि दिवस मावळेपर्यंत निवडत राहिली.

मी तुला संध्याकाळी फोनवर सांगितलं, ‘चौकशी नीट झाली.’ तू ‘बरं झालं’ म्हणालास. कशी नीट झाली ते तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारपासून आई देवळात कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठेना. मला वाटलं गुडघे. नवे फादर, ग्रेगरी, वसईकडचे आहेत, तरणे आहेत, त्यांनाही गुडघेच वाटले. ते जागेवर आणून द्यायला गेले तर हिने तोंड मिटलं. देवळात मागच्या भिंतीला टेकून बसते, सगळी गाणी म्हणते, आणि लोक रांगेत उभे राहिले की पदर पुढे ओढते. अख्ख्या गावाला वाटतंय म्हातारीला विसरायला होतंय.

साडीच्या त्या बोलण्यानंतर मी फादरांना चहाला बोलावलं. ओट्यावर, माझ्यादेखत बोलणं झालं, म्हणजे पापकबुलीचं गुपित कोणी फोडलेलं नाही. आईनेच सगळं सांगितलं. फादर म्हणाले, “आजी, एवढंच ना? खोटं बोललात त्याचा पश्चात्ताप करा, मी क्षमा देतो. संपलं.”

“पस्तावा न्हाई होत, फादर.”

“असं कसं?”

“उद्या त्यो सायेब परत आला तर उद्या बी त्येच सांगंन. मग देवाला कोंच्या तोंडानं म्हणू चुकलं म्हणून?”

फादर म्हणाले, “देवावर भरवसा ठेवा. तो काळजी घेतो.”

“देवाची नोकरी जाणार न्हाई ना, फादर. माझ्या बाबूची जाईल.”

फादरांना हसू आलं, ते त्यांनी बिस्किटात लपवलं. मग आई म्हणाली की तिने यातून वाट काढलीय. तिला जाळलं की ‘आमच्यात जाळत्यात’ हे खोटं उरत नाही. निदान एकीपुरतं तरी खरं होईल. फादरांनी तिला सांगितलं की चर्चला दहन मंजूर आहे, त्यात पाप नाही, पण त्याने आधीचं खोटं धुतलं जात नाही. तिने मान हलवली. पहिलं वाक्य तेवढं घेतलं, दुसरं सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांना ऐकू कमी येत नाही, ती वेचून ऐकतात.

तिच्यापुढे मी हो म्हटलंय. काय करणार? लहान मुलीसारखी माझ्या हाताला धरून बसली होती.

आता एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. आई आगीला भिते. माहेरी तिच्या मावशीला चुलीच्या जाळाने धरलं होतं, ते हिने परकर घालायच्या वयात पाहिलं. घरात गॅस आल्यापासून शेगडी मी पेटवते; मी शाळेतून येईपर्यंत ती गार चहा पिते पण काडी ओढत नाही. परवा मी भाकऱ्या करत होते तर मागून म्हणाली, “फिलो, जीव गेल्यावर कळत न्हाई ना गं?”

“काय?”

“चटका.”

मी म्हटलं, नाही कळत. माझी भाकरी जळाली.

तुला वाटेल, हे सगळं मी तुला टोचायला लिहितेय. टोचणं माझा स्वभावच आहे, पण आज त्यासाठी बसले नाही. मलाही वाटत होतं की आई तुझ्या नोकरीपायी हे करतेय, आणि मी मनातल्या मनात तुला पुष्कळ बोलूनही घेतलं. खरं कारण मला मागच्या रविवारी कळलं.

मृतांचा सण होता. सगळे मेणबत्त्या, झेंडू घेऊन कबरस्थानात. आईला टमटममधून नेलं. तिने दादांचा क्रूस ओल्या फडक्याने पुसला, चुना लावून घेतला, माझ्याकडून नाव पुन्हा काळ्या रंगात गिरवून घेतलं. दादांच्या डाव्या अंगाला जागा सोडलेली आहे, तुला माहीत आहे कोणासाठी. तिथे उगवलेलं गाजरगवत तिने बसल्या बसल्या उपटलं, आणि मग आक्काबाईच्या सुनेला म्हणाली, “ही जागा द्या कुनाला बी. मला न्हाई लागायची.”

तेव्हा माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर विचारलं, “आई, बाबूने तुला सांगितलंय का, जाळून घे म्हणून?”

“न्हाई गं. त्यो कशाला सांगंल?”

“मग?”

ती फाटकाकडे बघत राहिली. गेल्या साली पुंजाराम काका गेले तेव्हा तू त्या फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा होतास. ज्या काकांनी तुला खांद्यावर बसवून बोर्डिंगला पोहोचवलं, त्यांच्या मूठमातीला तू आत आला नाहीस. तोंडावर मास्क होता. करोना जाऊन जमाना झाला होता, पण कोणाच्या मोबाईलमध्ये चेहरा जाऊ नये म्हणून. मूठभर माती घेऊन आई तुझ्याकडे बघत किती वेळ उभी राहिली, मग माती टाकून लोकांना सांगत सुटली, “बाबूला सायेबाचा फोन आलाय, म्हणून बाहेर हाय.” कोणी विचारलंही नव्हतं.

तर मागच्या रविवारी त्याच फाटकाकडे बघत ती मला म्हणाली, अगदी हळू, जशी एखाद्याला आपली युक्ती सांगावी तशी:

“हितं पुरलं तर त्यो बाहेर उभा ऱ्हाईल. जाळलं तर अग्नी द्याया पोरगंच लागतं. मग त्याला आत यावंच लागंल. समद्यांम्होरं.”

बाबू, मी यावर तुला काही सुनावणार नाही. सुनावण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि असतं तरी त्या वाक्यापुढे ठेवायला लाज वाटली असती.

परवा डॉक्टर म्हणाले, पायांवरची सूज वर चढतेय, फार ताणू नका. फादर शेवटचं पवित्र तेल लावायला येतो म्हणालेत, ती नको म्हणते. माझं ती ऐकत नाही, फादरांचं वेचून ऐकते. तुझं ऐकेल. तिला एवढंच सांग की आई, तुला दादांजवळ ठेवू आणि मी आत येईन. पहिला अर्धा भाग एकटा चालणार नाही, दुसराही लागेल. आणि बोललास तर करावं लागेल, उघड्या तोंडाने, ज्याला फोटो काढायचा त्याला काढू देऊन. त्यानंतर तुझ्या चौकशीचं काय होईल, ते मला माहीत नाही. काही होणार नाही, अशी खोटी हमी मी देणार नाही. या घरात खोटं आता पुरे झालं. सुनंदाशी बोल. तुला लेक आहे, घराचा हप्ता आहे, ते मला कळतं.

नाहीच जमलं, तर तेही समजून घेईन. मग आईच्या मनासारखं होईल. लाकडं मी आणीन, जागा मी बघेन, लोकांची तोंडं मी बंद करेन, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. काडी मात्र तू ओढायचीस. ती मी ओढणार नाही.

काहीही ठरव, पण तिला तोंड दाखवून ठरव. येणार की नाही ते फोनवर सांगू नकोस. ती ऐकत असते.

वाट बघणारी मी नव्हे, ती.
तिच्या वतीने,
तुझी ताई
फिलोमिना