न सुजलेला दंड

बेळगाव, ता. ४ जानेवारी १९५८

ती. आज्जांच्या सेवेशी,
ब्राह्मीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे कार्ड पोचले. फ्लूची लस टोचल्यावर ताप आला नाही, दंडही सुजला नाही, हे वाचून आनंद झाला. इथे आम्हा शिक्षिकांना टोचले तेव्हा दोन दिवस एकीलाही वेणी घालायला हात वर करता येईना. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुम्ही मात्र खुशाल हिंडता. तुमचे रक्तच मजबूत, असे मी यशोदाबाई डॉक्टरांच्या दवाखान्यात सांगत सुटले आहे. संध्याकाळी त्यांचे टोचणीचे रजिस्टर मीच लिहिते. घरातल्या पहिल्या पदवीधराने साथीत एवढे तरी करावे.

देवी टोचणाऱ्याला दारातून परत लावणारे आज्जा माझ्या बी.एस्सी.पुढे नमले, याचे अजून नवल वाटते. चौदा दिवस आजाऱ्याजवळ जाऊ नये. पुढे भीती नाही.

आईस नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता ठेवावा.

आपली,
ब्राह्मी


निपाणी, ता. ९ जानेवारी

चि. ब्राह्मीस,
आण्णासाहेबाचे अनेक आशीर्वाद.

परवा चौदा दिवस भरतात. परवाच अक्कोळला निघतो. गुंडाप्पा तिथे आठवडाभर फ्लूने पडून आहे, आणि वैद्याने हात टेकले आहेत.

तुझ्या बी.एस्सी.पुढे मी नमलो नाही, बाई. आईपुढे भाव खाल्लास तो परत कर. गुंडाप्पा आणि मी, शाळेत एका पाटावर बसलेली आम्ही दोघं. दोघांचा बोल झालेला, की आधी जाईल त्याच्या कानात दुसऱ्याने शेवटच्या घटकेला णमोकार मंत्र म्हणायचा. साथ आली आणि वाटलं, मीच अंथरूण धरलं तर त्याला कोण? म्हणून मुकाट्यानं दंड पुढे केला. आता भीती नाही असं तूच लिहिलंस, ते बरं झालं.

तुझी आई विचारते, जेवतेस ना वेळेवर?

तुझा,
आज्जा


बेळगाव, ता. १० जानेवारी

ती. आज्जांस,
ब्राह्मीचा शि. सा. न.

पत्र आत्ताच मिळाले. उत्तर लगेच टाकते. माझी चूक झाली आहे.

तुमचे कार्ड काल मी यशोदाबाईंना कौतुकाने दाखवले. त्यांनी रजिस्टरची मागची पाने उलटायला सांगितली. वडगावच्या तरण्या विणकरांपुढे ‘ताप, सूज’. साठीच्या पुढच्यांपुढे बहुतेक ‘काही नाही’. सगळे माझ्याच अक्षरात, आणि मला दिसले नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की म्हातारे शरीर लसीला उशिरा आणि क्षीण उत्तर देते. लस फुकट गेली असेच नाही, पण तरण्या माणसाइतका तिचा भरवसा धरू नये. मजबूत रक्ताचे माझे वाक्य मी मागे घेते.

कृपा करून जाऊ नका. गेलातच तर चार हात दूर बसा, नाकातोंडाला चौपदरी फडके बांधा. रागावलात तरी चालेल.

आपली,
ब्राह्मी


निपाणी, ता. १४ जानेवारी

चि. ब्राह्मीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी निघण्याआधीच मिळालं. वाचलं, खिशात ठेवलं आणि गेलो. पत्र उशिरा पोचलं असं समजून मनाला लावून घेऊ नकोस.

फडकं बांधलं होतं. गुंडाप्पा तशातही हसला. म्हणाला, “काय रं आण्णा, दरोडा घालाय आलास व्हय?” चार हातांवरून णमोकार म्हटला. दहा वर्षं तो दोन्ही कानांनी बहिरा, हे तुला ठाऊक आहे. त्यानं कानामागं हात धरला. मी पुढे सरकून पुन्हा म्हटला. तो नुसता बघत राहिला. तिसऱ्या खेपेला फडकं सोडलं आणि कानाला तोंड लावून म्हटला. तेव्हा त्याचे ओठ हलले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

कालपासून मला थोडा खोकला आहे. ताप मुळीच नाही, तेव्हा काळजी नसावी. माझ्या कानाशी बसायचा माणूस मात्र गेला. तुझ्या आईला रडू आवरायचं नाही. तुला णमोकार पाठ आहे का अजून?

आज्जा


बेळगाव, ता. १५ जानेवारी

ती. आज्जांस शि. सा. न.

ताप नाही, हे आता मी आनंदाने वाचू शकत नाही. उद्या पहिल्या मोटारीने यशोदाबाईंना घेऊन येते. त्या छाती तपासतील. सांगतील ते औषध घ्यावे लागेल, आणि तिथे तुमचे चालणार नाही. आईला वेगळ्या खोलीत निजायला सांगा.

णमोकार पाठ आहे. गुंडाप्पा आजोबांची जागा मी घेते, पण ती इतक्यात चालवायची माझी इच्छा नाही. चालवावी लागलीच तर फडके न सोडता म्हणेन. तुमचे कान चांगले आहेत.

आपली,
ब्राह्मी