मशीनच्या पायाखालची टाच

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. ४ जानेवारी २०२५

चि. वर्षाराणीस आजी धोंडुबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझा फोन धुण्याच्या बादलीत पडून बंद झाला म्हणून तू पत्र लिवलंस, ते लई बरं केलंस. फोनवर तू निस्ती व्हय-व्हय करतीस, कागदावर तरी चार ओळी बोलतीस. माझं अक्षर चौथीत सोडलं तिथंच उभं हाय, हसू नको.

पत्र तीनदा वाचलं. तुझ्या आजोबांचं, आपल्या आण्णांचं, पिनबॉलचं मशीन तुमची पुण्याची कंपनी जसंच्या तसं फोनात घालणार? अगं, ते टेम्पोतनं उतरवताना चार गडी वाकले हुते! ते तळहाताएवढ्या काचेत बसणार, आणि समुद्रापलीकडची पोरं आपापल्या घरात बसून खेळणार? मी शेजारच्या बनाबाईला सांगितलं, तर म्हणाली, नात थापा मारतीया. तिला जन्मात कशाचं नवल वाटलेलं न्हाय. मला मात्र रात्रभर नवल पुरलं.

मशीनची हकीकत लिवून पाठव म्हणालीस, तर ऐक. आण्णांनी ते मुंबईच्या भंगारवाल्याकडनं आणलं. काचेखाली सर्कशीचं चित्र, झोपाळ्यावरची बाई, वरनं पोलादी गोळी सुटायची आणि खाली दोन पळ्या तिला परत वर मारायच्या. आतली घंटा फुटकी हुती. त्याच वर्षी आमची गंगी म्हस गेली, तर आण्णांनी तिच्या गळ्यातली पितळी घंटा आत बसवली. पुढच्या खोलीत दुकान मांडलं आणि तालमीतली पोरं तुटून पडली. पैलवानच ते, गोळी वळवायला मशीनला असा धक्का द्यायचे की आतनं माझी भांडी हालायची. मग आण्णा वरडायचे की पावणं, दमानं, म्हस न्हाय ती!

मी एकदाबी खेळले न्हाय. दुकानात बायकांनी यायची रीत नव्हती आणि मला सवडबी नव्हती. पण मधी एकच भिंत. वीस वर्षं मी त्या आवाजाबरोबर भाकरी थापली. तिसरी गोळी पडली की समजायचं, आता आण्णा जेवायला येणार.

तुझ्या कंपनीतला तो वीरेश मशीन बघायला येणार म्हणतीस. परक्या माणसाला मशीन असं कसं दावू? काचेवर मी पापड वाळवत हुते की. संक्रांतीची झाडलोट हायच, त्यात तेबी लख्ख करते.

माझ्यावरचा जीव आटू देऊ नको, आणि दूध पीत जा.

तुझी आजी

*

पुणे
ता. ९ जानेवारी २०२५

ती. आजीस वर्षाराणीचा शि. सा. न. वि. वि.

आजी, हात जोडते, झाडलोट करू नकोस! मशीनला फडकंसुद्धा लावू नकोस. पापडाचे डाग आहेत तसे राहू देत.

कारण सांगते. या सर्कशीच्या मशीनचे जगात तीनच नग आमच्या कंपनीला सापडले. एक गंजलंय, एक जळालंय. चालू असलेलं फक्त आपलं. आमच्या मॅडमकडे कारखान्याचे जुने नकाशे आहेत, आणि त्यांच्या मते त्यावरूनच खेळ बनवावा. मी भांडून भांडून त्यांना कबूल करवलंय की आण्णांचं मशीन नीट चाललं, तर त्याचीच नोंद घ्यायची. गोळी कुठून कशी पळते, धक्का किती सोसते, घंटा कशी वाजते, सगळं. मुदत एकतीस तारखेपर्यंत. तोवर मशीन धड चाललं नाही, तर नकाशे. मग गंगीची घंटा नाही आणि आण्णांचा हातही नाही.

आणि आजी, वीरेशनं फोटो बघून सांगितलंय की आतली मोटार वर्षभर टिकली तरी खूप. तसली आता मिळत नाही. म्हणजे संधी ही एकच.

वीरेश गडहिंग्लजकडचा आहे, त्याला लाजू नकोस. तो चार भाकरी खातो.

माया आहे तेवढी तरी ठेव, ओरडून झाल्यावर.

तुझी वर्षा

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. १७ जानेवारी २०२५

चि. वर्षाराणीस आशीर्वाद. वि. वि.

बाळ, तुझं पत्र संक्रांतीच्या दिवशी आलं. मी भोगीलाच मशीन लख्ख केलतं.

काय काय केलं ते खरं खरं लिवते. काच पुसली. घंटा चिंचेनं घासली. मशीन बनाबाईच्या दोन सुनांनी आणि मी मिळून पुढं सारलं, मागची जळमटं काढली. पुढच्या उजव्या पायाखाली चामड्याचा एक काळा, मेणचटलेला तुकडा निघाला. मला वाटलं उंदरानं आणलाय. घंटागाडी दारात उभीच हुती, दिला टाकून.

काल वीरेश आला. गुणाचं पोरगं, आज्जी आज्जी करत मागं फिरतंय. त्यानं मशीन चालू केलं. दिवे लागले, झोपाळेवाली उजळली, मला तर भरून आलं. पण पहिली गोळी सुटली आणि मी सैपाकघरात भाकरी हातात धरून थांबले. आवाज चुकीचा हुता. घंटा वाजली की गोळी खाली यायला एक घास चावून व्हायचा तेवढा वेळ लागायचा. आता घास तोंडात जायच्या आत गोळी गायब. आणि वीरेशनं जरासा धक्का दिला की सगळे दिवे जायचे, मशीन रुसून बसायचं. तो म्हणाला, धक्का सोसवत न्हाय, असं असलं तर नोंद करून काय फायदा. मग त्यानं लाकडाची चकती घातली, पाण्याच्या थेंबाची पट्टी ठिवून उतार अगदी बरोबर केला. उतार बरोबर, मशीन तरी रुसलेलंच.

मग माझ्या डोक्यात लख्खकन पडलं. तो चामड्याचा तुकडा उंदराचा नव्हता, आण्णांनीच पायाखाली घातलेला हुता.

वर्षा, माझ्या हातानं मी आण्णांना घंटागाडीत घातलं गं. कालपासनं अन्न गोड लागंना. बनाबाई म्हणती, एवढं काय, मशीनच तर हाय.

रागावली असशील तर राग, पण पत्र लिव.

तुझी आजी

*

पुणे
ता. २१ जानेवारी २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. पत्र वाचून आधी रडले आणि मग उंदरावर हसले.

तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. आण्णांनी ते कुणाला सांगितलंच नाही. वीरेशनं मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, एकतीसपर्यंत वाट बघू, पण नकाशांवर काम सुरू करा. वीरेशनं रबर घालून पाहिलं, मशीन हिंदकळतं. बाजारातून नवं चामडं आणून घातलं, तर ते लाकडासारखं कडक.

तू एकच कर. तो तुकडा डोळ्यांपुढे आण. केवढा होता, कसा होता, कशाचा असेल? वीस वर्षं तू तो आवाज ऐकलायस. या घरात आता मशीनची जाणकार तूच आहेस.

जेव. तुझ्या हातचं जेवण वीरेशला एकट्याला मिळतंय याचा मला हेवा वाटतो. लोभ दोघींत वाटून घेऊ, त्याला देऊ नकोस.

तुझी वर्षा

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. २७ जानेवारी २०२५

चि. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आवाज आला! आधी हे लिवते, बाकीचं मागनं.

तुझं पत्र वाचून मी डोळे मिटून बसले. तुकडा अर्ध्या चंद्रासारखा. चामड्याचे थर एकावर एक. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला झिजून पातळ. आणि मला दिसलं, ती चपलेची टाच हुती. तुला ठाऊक हाय, आण्णा उजव्या पायावर जरा कलून चालायचे, गंगीनं लाथ मारल्यापासनं. त्यांच्या उजव्या चपलेची टाच कायम बाहेरच्या अंगानं झिजायची. जुनी चप्पल टाकायच्या आधी तिची टाच कापून त्यांनी मशीनखाली घातली असणार. मशीनचा उतार त्यांच्या पावलानं ठरवला हुता, बाळ.

आता तशी टाच आणायची कुठनं? एकच जागा हुती. माझ्या पत्र्याच्या पेटीत त्यांची शेवटची कोल्हापुरी जोडी हाय. नऊ वर्षं झाली, दर दिवाळीला मी तिला एरंडेल लावते. सूनबाईनं, तुझ्या आईनं, एकदा कुणाला तरी देऊया म्हटलं तर दोन दिस बोलले नव्हते तिच्याशी.

एक अख्खी दुपार जोडी मांडीवर घेऊन बसले. मग वीरेशला म्हटलं, चल, गाडी काढ. चप्पल लाईनीत गेलो. तिथला म्हातारा कारागीर कापायला तयार हुईना. म्हणाला, अशी शिवण आता कोण घालत न्हाय, मावशी, जोडी मोडू नका. मी म्हटलं, जोडी मोडून नऊ वर्षं झाली, तू रापी चालव. त्यानं उजवी टाच उतरवली. मी दुसरीकडं बघत हुते.

घरी येऊन वीरेशनं ती पायाखाली सरकवली. मी त्याला सांगितलं, मी आत बसते, तू गोळी सोड, मी आवाजावरनं सांगते. पहिल्यांदा घाई. म्हटलं, पातळ कड भिंतीकडं फिरव. दुसऱ्यांदा घंटा ऐकली आणि मनातल्या मनात घास चावला. चावून झाला आणि टाक! पळी वाजली. तंतोतंत! म्हटलं, आता पैलवानागत धक्का दे. त्यानं दिला. माझी भांडी हालली, मशीन न्हाय रुसलं. तुडवलेलं चामडं धक्का गिळतंय, असं वीरेश म्हणाला. वीरेशच्या डोळ्यांत पाणी, माझ्याबी, आणि दारात उभी बनाबाई विचारती, काय झालं, कोण गेलं का?

आता कालपासनं त्यानं मशीनला बारके-बारके कॅमेरे आणि ऐकायची यंत्रं डकवल्यात. दवाखान्यात पेशंटला लावतात तशी. शेकडो गोळ्या सोडतोय, एकेक लिवून घेतोय. माणसाच्या चालीची नोंद घेता येती हे मला ह्या वयात कळलं.

आता मॅडमना काय सांगायचं ते तू सांग. माझी माया काट्यावर ठिवायची न्हाय, घे लागंल तेवढी.

तुझी आजी

*

पुणे
ता. १४ एप्रिल २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

सोबत एक टॅब पाठवतेय. बादलीपासून लांब ठेव.

खेळ परवा बाहेर आला. सुरू केलास की आधी दोन नावं दिसतील. एक 'कारखाना', नकाशावरून केलेलं. दुसरं 'मंगळवार पेठ'. मॅडमनी दोन्ही खेळून बघितली आणि दुसऱ्यासमोर तासभर बसल्या. मला एवढंच म्हणाल्या की हे मशीन जिवंत आहे.

जगभरातून लोक लिहितायत. जपानच्या एका माणसाला घंटा इतकी आवडली की त्यानं विचारलंय, ही कुठल्या देवळातली? मी खरं काय ते कळवलं. त्याचं उत्तर अजून नाही.

लोभ आहेच, त्याची नोंद मात्र वीरेशलाही घेता येणार नाही.

तुझी वर्षा

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. २० एप्रिल २०२५

चि. वर्षाराणीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

टॅब पोचला. आधी त्याला हळद-कुंकू वाहिलं, काचेला न्हाय, मागनं. मग 'मंगळवार पेठ' दाबलं.

बाळ, काय लिवू? झोपाळेवाली तीच, तिच्या गालावरचा पोपडा तोच. काचेच्या कोपऱ्यात माझ्या पापडाचा गोल डागसुद्धा तसाच! म्हंजे मी नीट घासलं न्हाय हे आता जपानलाबी कळलं. मी गोळी सोडली. जन्मात पहिल्यांदा. तीनबी गोळ्या सरळ खाली गेल्या, आणि मी येड्यागत हसत बसले. गंगी आमच्या गोठ्यातनं कधी पंचगंगेपलीकडं गेली न्हाय, आणि आता तिची घंटा कुठं कुठं वाजती.

पण मला खेळण्यात गोडी न्हाय, मला ऐकायचं हुतं. म्हणून टॅब जुन्या मशीनवरच ठिवला, बनाबाईला खेळायला बसवलं, आणि आत जाऊन भाकरीला बसले. भिंतीपलीकडनं घंटा आली. घास. टाक. परत घंटा. माझा हात आपोआप त्या तालावर पडायला लागला. बनाबाईला कशाचं नवल वाटत न्हाय ना? ती अशी रंगली, अशी रंगली, की टॅब दोन्ही हातांनी धरून गदागदा हालवायला लागली. आणि मी आतनं वरडले की पावणं, दमानं, म्हस न्हाय ती!

नऊ वर्षं ह्या घरात हे कुणी बोललं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली. मग तिसरी गोळी पडली, मी ऐकली, आणि उठून ताट वाढायला घेतलं. बनाबाईला म्हटलं, ये, जेवून जा.

माझ्यावर जीव ठिव, पण त्याहून जास्त त्या मशीनवर ठिव.

तुझी आजी

ता. क. डावी चप्पल पेटीत हाय, तिची टाच अख्खी हाय. जगात आणखी कुठलं मशीन डुगडुगत असंल, तर कळव.