मागच्या खोलीतले आवाज

मी, खाली सही करणार, व्यवसायाने वाचा-उपचारतज्ज्ञ, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही माझ्या डोक्याविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी मी आहे तोवर येऊन भांडून घ्यावे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या मुलाला. गच्ची गळते, हे त्याला ठाऊक आहे. मागची खोली या कलमातून वगळली आहे.

२. बँकेतली शिल्लक माझ्या नणंदेला. लग्नात ती माझ्या उंचीवरून जे बोलली ते मी विसरलेले नाही. पण यजमानांच्या घशाच्या आजारपणात त्यांच्या उशाशी तीच बसली.

३. मागच्या खोलीत सर्व्हर आहे. घशाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज जाणार असतो, त्यांचा आवाज मी आधीच मुद्रित करून तिथे ठेवते. मग ती माणसे टाइप करतात आणि त्यांचा फोन त्यांच्याच आवाजात बोलतो. हे आवाज माझी मालमत्ता नव्हेत, म्हणून ते कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त त्यांची राखण सोपवीत आहे.

पूर्वी ते परदेशी कंपनीच्या क्लाउडवर होते. मुलगाच म्हणाला होता, "आई, वर टाकून दे, कटकट मिटेल." पुढे त्या देशाने आपल्यावर निर्बंध घातले आणि एका सकाळी आमचे खाते बंद झाले. एक निवृत्त बसवाहक तेव्हा नातीला फोनवर गोष्ट सांगत होते. वाघ गुहेबाहेर आला आणि त्यांचा आवाज दुसऱ्यांदा गेला. नात विचारत राहिली, "आजोबा, पुढे काय झालं?" मी कंपनीला लिहीत राहिले. "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे," एवढेच उत्तर येई. बहुतेकांचे आवाज जुन्या ध्वनिफितींवरून पुन्हा उभे केले. यजमान त्याआधीच वारले होते. त्यांचा आवाज फक्त त्या क्लाउडवरच होता, तो मिळाला नाही तो नाहीच. हा राग मी सोबत नेत आहे, कोणाच्या नावे करीत नाही.

४. मागची खोली आणि आवाजांची राखण माझ्या सुनेकडे. आमचे कधी पटले नाही. कशातही "आणि हे बंद पडलं तर?" असे विचारून ती माझा जीव खाते. या कामाला तसाच माणूस लागतो.

दर रविवारी ज्यांचे आवाज इथे आहेत त्या सर्वांना खोलीत बोलवावे, इंटरनेटची केबल उपटावी आणि प्रत्येकाला बोलायला लावावे. काही परदेशावर टेकलेले राहिले असेल तर तिथेच उघडे पडते. एकदा केबल काढताच सगळे मुके झाले. मुलाने सोयीसाठी लॉगिन त्याच कंपनीचे जोडले होते. म्हणून त्याने किल्ली मागू नये. आवाजांची दुसरी प्रत कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांकडे राहील.

५. मी माझाही आवाज तिथे ठेवला आहे. बाबांचे एक वाक्यसुद्धा उरले नाही म्हणून मुलगा माझ्यासमोर रडला होता. मला तेव्हा त्याला जवळ घेता आले नाही, इतकी मी रागात होते. माझा आवाज ऐकावासा वाटला तर त्याला परदेशात अर्ज करावा लागणार नाही. त्याने बायकोला सांगावे, ती दार उघडेल. त्याला त्याच्या लहानपणीच्या नावाने हाक मारून मी बरेच काही बोलले आहे.

सही: (वाचा-उपचारतज्ज्ञ)
आमच्यासमक्ष सही केली: १. कोपऱ्यावरचे औषधवाले २. घशाचे सर्जन
स्थळ: राहते घर
दिनांक: ९ मार्च